चौथ्या पायाचं टोपण

रविवार, २ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. ऑफिसात सव्वीस वर्षं मी जुन्या नोंदींच्या खोलीत बसून लोकांची हरवलेली कागदपत्रं शोधून देतो आहे, आणि माझ्या स्वतःच्या कामांची मात्र कुठेच नोंद नाही. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हे मी प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी सांगतो. आज स्वतःला सांगितलं.

संकल्प. एक, रोज लिहिणे. दोन, खरं लिहिणे. तीन, गाडीची सगळी कामं यापुढे स्वतः करणे.

तिसऱ्याचं कारण गॅरेजवाला. मागच्या महिन्यात म्हणाला की काका, तुम्ही फक्त बॉनेट उघडू नका, गाडी अजून दहा वर्षं चालेल. त्या वेळी तिथे चार गिऱ्हाइकं उभी होती. चौघंही हसली. त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढणार नाही. (गॅरेजला पायरी नाही. तरीही.)

आजचं काम: गाडी धुतली. इंजिनसुद्धा, जुन्या टूथब्रशने, कानाकोपऱ्यातून. गाडी एकोणीस वर्षांची, पण फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे आत कॉम्प्युटर. बाहेरून म्हातारी, आतून शिकलेली. घासताना मागच्या बाजूला बोटाएवढी एक धातूची नळी सापडली. कुठेच जात नाही, कशालाच जोडलेली नाही, आणि तोंडावर काळं रबरी टोपण. टोपण काहीही काम करत नव्हतं. असे आमच्या ऑफिसातही आहेत. काढलं.

बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या स्टँडच्या चौथ्या पायाचं रबर हरवून सहा महिने झाले. सरकवला की कर्रर्र असा आवाज आणि फरशीवर ओरखडा. त्याबद्दल बायकोची तक्रार रोजची. टोपण त्या पायाला घातलं तर माप घेऊन केल्यासारखं बसलं. बायकोने स्टँड तीनदा इकडून तिकडे सरकवून पाहिला. आवाज नाही. न मागता चहा मिळाला.

पहिलाच दिवस, आणि किती कामं झाली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

गाडी कमालीची तरतरीत. सिग्नलला नुसती उभी असताना आरपीएमचा काटा अठराशेवर. एरवी बिचारा आठशेवर लोळत असतो. इंजिन स्वच्छ केल्याचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. लेकीला नोकरी लागली. फिजिओथेरपी शिकून बसली होती, आता एका केंद्राने घेतलं. काम पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करवून घेण्याचं. एक डिसेंबरपासून. अट एकच, त्याआधी लायसन्स हवं आणि स्वतःची गाडी हवी. नाहीतर यादीतल्या दुसऱ्या मुलीला बोलावणार. टेस्ट अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, आपल्याच गाडीवर. टेस्टनंतर गाडीही तिचीच.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडीची काळजी माझ्यावर सोड. ती म्हणाली की काळजी नाही, पण गाडी उभ्या उभ्या ओरडते का आहे? मी म्हटलं, तरतरी आली आहे. ती म्हणाली की मागच्या आठवड्यात नव्हती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लेकीला सराव. जागा: इमारतीचं पार्किंग. तिने क्लच जरासा सोडला आणि गाडीने उडी मारली. मधे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांची कुंडी होती. होती.

काटा आता एका जागी राहत नाही. बाराशे, मग बावीसशे, पुन्हा बाराशे. जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागावी तसं. तरतरी म्हणता येणार नाही. बिघाड आहे हे मी मान्य करतो. नीट शोध घेतला की कुठलाही बिघाड सापडतो. माणसं घाई करतात, म्हणून चुकतात.

निदान: पेट्रोल खराब. उद्यापासून दुसरा पंप.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुसरा पंप. तीच धाप.

निदान बदललं: सकाळची थंडी. इंजिन गरम झालं की आपोआप शांत होईल. पंचवीस मिनिटं चालू ठेवलं. इंजिन गरम झालं. मास्तरही झाले. गॅलरीत घड्याळ घेऊन उभे होते, मिनिटं मोजत. कुंडीचा विषय पुन्हा काढला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

इंटरनेटवर रात्रीच्या जेवणाआधी दोन तास अभ्यास. आता मला या विषयात फारसं कळायचं शिल्लक नाही. इंजिनमध्ये हवा आत सोडणारा एक पडदा असतो. तो मळला की काटा नाचतो. पडदा साफ करण्याचा फवारा मागवला.

स्टँड अजूनही निःशब्द. बायकोने आपल्या बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होतो, सगळं ऐकू आलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऑफिसातून लवकर निघालो. पडदा साफ केला. फवाऱ्याने हाताची कातडी पांढरी पडली आणि शर्टवर डाग. पडदा मात्र आरशासारखा. काम करताना एक वायरची जोडणी काढावी लागली, ती परत लावली. गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा लागला, इंजिनच्या चित्राचा.

लेकीने विचारलं की हा दिवा कसला? मी म्हटलं, इंजिन आहे याची खूण. यावर ती माझ्याकडे बघत राहिली. ही सवय तिने आईची उचलली आहे.

काटा: बाराशे, बावीसशे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पिवळा दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढून अर्धा तास ठेवली. म्हणजे कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि नव्याने सुरुवात करतो. दिवा गेला. रेडिओही गेला, आता तो कसला तरी गुप्त आकडा मागतो. घड्याळ बारावर. कॉम्प्युटर सगळं विसरला, फक्त धाप विसरला नाही.

सरावात मात्र लेकीची प्रगती आहे. गाडी पुढे ओढते म्हणून तिला क्लचवरून पाऊल अगदी तसूतसूने उचलावं लागतं. आज कुंडी नाही, काही नाही. मास्तरांनी उरलेल्या कुंड्या आत घेतल्या आहेत, हेही एक कारण.

रविवार, १६ नोव्हेंबर

बॉनेट उघडून, डोळे मिटून इंजिन ऐकलं. मोठ्या आवाजाच्या मागे एक बारीक आवाज येतो. सूऽऽऽ असा. सतत.

टायर. दुसरं काय असणार. चारही टायर आणि स्टेपनी तपासून आणली. हवा ठीक. हवा भरणारा म्हणाला की टायरमधून आवाज येत असता तर तुम्ही इथपर्यंत गाडी आणू शकला नसतात. उद्धट माणूस. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे इथे लिहितो. संकल्प दोन.

सूऽऽऽ चालूच. इंजिन श्वास घेत असावं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरला जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं. सहजच. त्याने डबा खाता खाता सांगितलं की साहेब, नको तिथून हवा आत घुसत असेल. मी म्हटलं, इंजिनाला हवा लागतेच, मग घुसली तर बिघडलं कुठे? तो म्हणाला की दारातून येणं वेगळं आणि खिडकीतून येणं वेगळं. दारातून आलेल्या हवेची कॉम्प्युटरकडे मोजदाद असते, खिडकीतून आलेल्या हवेची नसते, मग त्याचा गोंधळ उडतो.

मग त्याने विचारलं की हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काही केलं होतं का. काहीही नाही, मी सांगितलं. नुसती धुतली होती.

हाच प्रश्न मी रोज दहा जणांना विचारतो. फाइल हरवायच्या आधी तिचं काय केलं होतं? सगळे सांगतात, काहीही नाही. सगळे खोटं बोलतात. मी खरं बोललो याचं समाधान वाटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनचा वेग, सांभाळणारा व्हॉल्व्ह नवा मागवला होता, तो आला. बसवला. जुना काढताना एक स्क्रू इंजिनच्या पोटात कुठेतरी पडला. आवाज करत खाली गेला, पण जमिनीवर आला नाही. घरातला एक स्क्रू लावला.

काटा: बाराशे, बावीसशे. नवा व्हॉल्व्हही आल्या आल्या याच्यात सामील झाला.

बायको म्हणाली की गॅरेज अकरा मिनिटांच्या अंतरावर आहे. मी म्हटलं, प्रश्न अंतराचा नाही. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पायाखालची जाड मॅट ॲक्सिलरेटरवर दाब देते की काय, म्हणून काढून टाकली. नाही देत. परत घालावी लागली, कारण खाली एक भोक आहे. हे भोक नवीन कळलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावायचा असं ठरवून उठलो. तो पडदा किती मिटावा हे ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो. इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं आहे की या स्क्रूला हात लावू नका. म्हणजे तो महत्त्वाचा असणार. तीन अर्धे फेरे फिरवला, तसं लिहून ठेवलं.

काटा खाली आला. मी लेकीला हाक मारली, बायकोला हाक मारली. दोघी येईपर्यंत इंजिन बंद पडलं.

नंतर सरावात प्रत्येक वळणावर बंद. सुरू केली की पहिल्यांदा धावते, मग बंद. सातव्या वेळी भर रस्त्यात, मागे ट्रक. ट्रकवाल्याने हॉर्नवरून हात काढलाच नाही. लेकीने शांतपणे गाडी पुन्हा सुरू केली आणि घरी आणली. उतरताना म्हणाली की बाबा, मी केंद्रात विचारून बघते, एक महिना थांबतील का. मोटार स्कूलच्या गाड्याही महिनाभर मोकळ्या नाहीत म्हणाली. तिने चौकशी करून ठेवली होती, मला न सांगता.

आवाज चढवला नाही, काही नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि वर गेली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता आणि विषय संपला असता. चार वर्षं पहाटे उठून अभ्यास केला पोरीने, आणि तिची नोकरी माझ्या बॉनेटखाली अडकून बसली आहे.

स्क्रू तीन अर्धे फेरे उलटा फिरवून होता तिथे आणला. नोंद होती म्हणून आणता आला. नोंदीचा उपयोग होतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

केंद्राने कळवलं की थांबता येणार नाही. यादीतली दुसरी मुलगी तयार आहे, तिच्याकडे लायसन्स आहे, आणि तिच्या वडिलांच्या गाडीत, असं मी समजतो, काटा एका जागी राहतो.

बायकोचा निकाल: बुधवारी सकाळी गाडी गॅरेजमध्ये. मी आलो तर मला घेऊन, नाही तर ढकलत. मी मान हलवली. हो म्हणालेलो नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज जे झालं ते संकल्प दोननुसार लिहितो.

चहाच्या वेळी तिघंही बाल्कनीत होतो. लेक वही घेऊन बसली. म्हणाली की पेशंट आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, दुखणं नक्की कधी सुरू झालं आणि त्याआधी काय वेगळं केलं होतं. तर बाबा, नक्की कधी?

मला बरं वाटलं. या घरात माझी पद्धत कोणीतरी उचलली. मी म्हटलं, अंदाजपंचे बोलायची गरजच नाही, माझ्याकडे लेखी पुरावा आहे. ही रोजनिशी आणली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागलो. सोमवार, तीन. अठराशेवर. म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी. पान उलटलं. रविवार, दोन. गॅरेजवाल्याचा परिच्छेद गाळला, तो खासगी आहे. गाडी धुतली, वाचलं. टूथब्रश, वाचलं. बोटाएवढी नळी, वाचलं. तोंडावर काळं रबरी

इथे थांबलो.

लेक म्हणाली, पुढे? बायको त्याच वेळी वाळलेले कपडे काढून स्टँड सरकवत होती. आवाज येत नव्हता. पुढचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं, चांगल्या शाईत, आणि त्यात टोपण काहीही काम करत नव्हतं असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही. पण मी स्टँडच्या चौथ्या पायाकडे बघितलं, ते दोघींनी बघितलं.

मग बायकोने स्टँड आडवा केला.

टोपण काढून पाहिलं, तर तीन आठवडे फरशीवर घासून तळाशी झिजलेलं, मधोमध भोक. पुन्हा नळीवर घालण्यात अर्थ नव्हता. तिघंही खाली गेलो. गाडी सुरू केली. बाराशे, बावीसशे. लेकीने मागच्या बाजूला हात घालून ती नळी शोधली आणि तोंडावर अंगठा दाबला.

सूऽऽऽ बंद. काटा खाली आला, आठशेवर, आणि तिथे बसून राहिला. अंगठा उचलला, धाप. दाबला, शांत. लेकीने हे चार वेळा केलं. चार वेळांची गरज नव्हती. ड्रायव्हर म्हणाला होता ती खिडकी म्हणजे हीच नळी, आणि ती मी स्वतः उघडून ठेवली होती.

पहिल्यांदा लेक हसली. मग बायको, बॉनेटला धरून. मग वरून मास्तरांनी विचारलं की काय झालं, आणि ते कळल्यावर तेही. शेवटी मीही हसलो, थोडासा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

टोपण हवं. घरात शोध: औषधाच्या बाटलीचं रबर, मोठं. पेन्सिलचं खोडरबर, छोटं. चिकटपट्टीचे सहा वेढे दिले, फाटकापर्यंत टिकले. मग सूऽऽऽ.

म्हणजे गॅरेज. मी तत्त्वाचा माणूस, जाऊ शकत नाही. लेक चालत गेली. तिला बजावलं होतं की फक्त टोपण मागायचं, पूर्वेतिहास सांगायचा नाही. ती परत आली कागदाची पुडी घेऊन. टोपण बसलं, काटा आठशे, गाडी इतकी शांत की चालू आहे की नाही हे बघायला दोनदा किल्ली फिरवली आणि स्टार्टर किंचाळला.

गॅरेजवाला काय म्हणाला, मी विचारलं. लेक म्हणाली, काही नाही, फक्त विचारलं की आधीचं कुठे गेलं. मग तू काय सांगितलंस? काहीच नाही म्हणाली, मी फक्त दोन सेकंद गप्प बसले.

हुशार मुलगी. सुटलो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पास. लेक पास.

मी फाटकाबाहेर उभा होतो. गाडी उलटी घेण्याच्या पट्ट्यात तिच्या आधीचे दोघं दांड्याला जाऊन भिडले. लेकीने गाडी इंच इंच मागे नेली, एकदाही हिसका नाही, आणि रेषेवर आणून ठेवली. परीक्षक म्हणाले की क्लचवर इतका हलका पाय नवशिक्याचा सहसा बघायला मिळत नाही. मिळेल कसा? तीन आठवडे उधळलेल्या गाडीवर शिकलेली आहे ती. शांत गाडीवर कोणीही शिकेल. या सगळ्यामागे माझी योजना होती असं मी म्हणत नाही, पण परिणाम सर्वांसमोर आहे.

परीक्षकांनी हेही विचारलं की इतकी जुनी गाडी इतकी छान ठेवली आहे, काम कोण करतं? मी कान टवकारले. लेकीने गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं.

परत येताना तिने समजावलं की बाबा, तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काय बिघडलं होतं? बरोबर आहे. मी रागावलेलो नाही. खिडकीबाहेर बघत होतो, एवढंच.

रविवार, ३० नोव्हेंबर

उद्या लेकीचा पहिला दिवस. गाडी पुसून दिली. बाहेरूनच. रेडिओ अजून आकडा मागतो, पण ती म्हणते की पेशंटकडे जाताना शांतताच बरी.

संध्याकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होतो. बायकोने स्टँड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवला. कर्रर्र नाही. मंगळवारपासून चौथा पाय उघडा आहे, आवाज यायला हवा होता. वाकून पाहिलं. पायाला टोपण. नवं, काळं, मापाचं.

विचारलं, कुठून आलं? बायको म्हणाली, त्याच पुडीतून. पुडीत पहिल्यापासून दोन होती. आणि तिने पुडीचा कागद आणून माझ्या हातात दिला. त्यावर बॉलपेनने, गॅरेजवाल्याच्या अक्षरात: एक गाडीला, एक कपड्यांच्या स्टँडला. काकांना नमस्कार.

दोन सेकंदांत त्याने सगळं ओळखलं. लेक ज्या स्टँडबद्दल बोललीच नाही म्हणते, त्याच्यासकट. लेकीला विचारलं तर ती आधी हसत सुटली, मग म्हणाली की दोन सेकंद गप्प बसले हे खरं, तिसऱ्या सेकंदाचं तुम्ही विचारलं नव्हतं.

संकल्प तीन खोडला. उद्या ऑफिसातून येताना गॅरेजमध्ये जाऊन आभार मानून येईन. लांबूनच.

खरं तर आजची ही नोंद मी केलीच नसती. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. पण तो कागद बायकोने माझ्या हातातून परत घेतला, नीट चौकोनी घडी घातली आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवला.